लेकराची पोटगी: आकडा येतो कुठून?

आई-बाप वेगळे राहू लागले की मूल बहुधा एकाकडे राहते. दुसऱ्याने त्याच्या खर्चाचा आपला वाटा दरमहा द्यायचा, त्याला पोटगी म्हणतात; मराठवाड्यात अजूनही खावटी हा शब्द सर्रास ऐकू येतो. द्यावे लागते हे सगळ्यांना ठाऊक असते. किती द्यावे लागते, याचे उत्तर मात्र भारतातल्या कोणत्याही कायद्यात तक्ता करून दिलेले नाही.

इतर काही देशांत तसा तक्ता आहे. ब्रिटनमध्ये ज्या पालकाचे आठवड्याचे एकूण उत्पन्न 200 ते 800 पौंडांच्या दरम्यान आहे, त्याच्याकडून एका मुलासाठी 12 टक्के, दोन मुलांसाठी 16 टक्के आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी 19 टक्के घेतले जातात. मूल वर्षातून 52 ते 103 रात्री त्याच्याकडे मुक्कामाला असेल तर रकमेतला सातवा हिस्सा कमी होतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका मुलाला 17, दोघांना 25 आणि तिघांना 29 टक्के हा मूळ दर आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या उच्च न्यायालयाचा तक्ता 1962 पासून चालत आला आहे; त्यात एका बाजूला पालकाचे उत्पन्न, दुसऱ्या बाजूला मुलाचे वय आणि दोन्ही जुळतील त्या चौकटीत रक्कम.

भारतीय न्यायालयांनी असे सूत्र आजवर जाणूनबुजून टाळले. प्रत्येक घराची परिस्थिती वेगळी, तेव्हा रकमेचा निर्णय न्यायाधीशाच्या विवेकावर सोडावा, असा पायंडा पडला. तो वाईट आहे असे नाही. पण त्याचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही: सूत्र नसल्यामुळे आकडा कायद्यातून कमी आणि दोन्ही बाजूंनी दाखल केलेल्या कागदांतून जास्त ठरतो. पगारपत्रक असलेल्या नोकरदाराच्या बाबतीत ही अडचण किरकोळ असते. वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी ती मोठी होते. कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्यावर हिंगोलीकडून येणारा रस्ता नागपूर-तुळजापूर महामार्गाला मिळतो. आसपासची कमाई हळद, सोयाबीन, ऊस आणि केळीतून, आणि फाट्यावरच्या हॉटेलांतून, टपऱ्यांतून, टायर-पंक्चरच्या दुकानांतून आणि गाड्यांच्या खेपांतून येते. यातले फारच थोडे उत्पन्न महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होते.

मुलाची पोटगी मागण्याचे चार मुख्य मार्ग आहेत. सर्वांत वापरातला म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144. 1 जुलै 2024 पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 करीत असे, आणि कोर्टाच्या आवारात अजूनही 'एकशे पंचवीसची केस' असेच म्हटले जाते. ते सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. दुसरा मार्ग हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 चे कलम 20. त्यात मुलाला पोसण्याची जबाबदारी बापाइतकीच आईवरही स्पष्ट शब्दांत टाकलेली आहे. तिसरा, घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अर्ज. चौथा, 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम 20 खाली मुलांच्या खर्चाचाही आदेश होऊ शकतो. एका मार्गाने आदेश झाला म्हणून दुसरा बंद होत नाही, मात्र एकीकडे मिळणारी रक्कम दुसरीकडे सांगावी लागते आणि ती वळती करून घेतली जाते.

जुन्या कलम 125 मध्ये पूर्वी एक कमाल मर्यादा होती: दरमहा 500 रुपये. महाराष्ट्राने 1999 साली आपल्यापुरती ती 1500 पर्यंत वाढवली आणि 2001 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती देशभर काढूनच टाकली. म्हणजे आज कलम 144 खाली 1,000 रुपयांचाही आदेश होऊ शकतो आणि 1,00,000 रुपयांचाही. त्याच दुरुस्तीने अंतरिम पोटगीची सोय केली, आणि अर्जाची नोटीस समोरच्याला मिळाल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असे घातले.

अर्ज कुठे करायचा, याबाबतीत कायदा सोयीचा आहे. सासर यवतमाळचे आणि माहेर वारंगा फाट्याचे असेल, तर मुलाला घेऊन माहेरी आलेल्या बाईला यवतमाळला खेपा घालाव्या लागत नाहीत; ती जिथे राहते तिथल्या, म्हणजे कळमनुरीच्या न्यायालयात अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालय असलेल्या शहरांत हा अर्ज तिथे जातो, नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साध्या अर्जावर ही मागणी करता येते आणि 15100 हा त्यासाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

हिशोबाची आजची पद्धत ज्या निकालाने घडवली, त्याचे मूळ महाराष्ट्रातच आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात 2013 साली पत्नीने स्वतःसाठी आणि त्याच वर्षी जन्मलेल्या मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. न्यायालयाने मुलाला 1 सप्टेंबर 2013 पासून 31 ऑगस्ट 2015 पर्यंत दरमहा 5,000 आणि त्यापुढे दरमहा 10,000 रुपये मंजूर केले. पत्नीचे 15,000 वेगळे. दोन वर्षांनंतर मुलाची रक्कम दुप्पट होते, हे आदेशातच लिहून ठेवले होते. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तिथे हरला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. 4 नोव्हेंबर 2020 रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने ओळखला जाणारा निकाल दिला. नागपूरचा आदेश कायम राहिला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे देशभरातल्या पोटगीच्या अर्जांसाठी एक शिस्त घालून दिली गेली. अंतरिम पोटगीचा अर्ज सात-सात वर्षे रेंगाळतो हे या खटल्यातच पीठाला दिसले होते.

त्या शिस्तीचा गाभा म्हणजे मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र. दोघांनीही ते भरून द्यायचे. अर्जदाराने अर्जासोबत, समोरच्याने चार आठवड्यांत. त्यासाठी त्याला दोनपेक्षा जास्त संधी द्यायच्या नाहीत. टाळाटाळ केली तर त्याचा बचाव काढून टाकून उपलब्ध कागदांवर आदेश करायची मुभा न्यायालयाला आहे. शपथपत्रात खोटे लिहिणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. खालची न्यायालये हे नीट पाळत नाहीत, अशी नाराजी सर्वोच्च न्यायालयाला 2023 साली पुन्हा व्यक्त करावी लागली.

शहरी वाचकाला बहुधा माहीत नसते की या शपथपत्राचा शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना निकालासोबतच जोडलेला आहे. त्यात प्रश्न अगदी बांधावरचे आहेत. एकूण जमीन किती, सामाईक असेल तर त्यात आपला हिस्सा किती? जमीन बागायती की कोरडवाहू? मालकीचे आणि फेरफाराचे कागद कोणते? पिके कोणती, फळबाग आहे का? मागच्या तीन वर्षांत जमिनीतून किती उत्पन्न झाले? कोणाची जमीन बटईने केली आहे का? गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती आणि त्यांतून काय मिळते? जमिनीवर कर्ज किती? शेतीखेरीज दुसरा धंदा कोणता?

ही उत्तरे तपासण्याची साधने महाराष्ट्रात तरी बरीच सोपी झाली आहेत. सातबारा आणि आठ-अ कोणालाही ऑनलाइन काढता येतात. सातबाऱ्याच्या खालच्या भागात, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, कोणत्या हंगामात कोणते पीक किती क्षेत्रावर होते याची नोंद असते आणि 2021 पासून ई-पीक पाहणीमुळे ती शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून केलेली असते. ज्याने पाहणीत दोन एकर हळद लावल्याचे नोंदवले, त्याला शपथपत्रात 'जमीन पडीक आहे' असे म्हणणे अवघड जाते. हळद हिंगोली किंवा वसमतच्या बाजारात विकली की आडतीची पट्टी मिळते. ऊस कारखान्याला गेला की बिल थेट खात्यात येते. पीककर्जाच्या अर्जात पीक आणि क्षेत्र लिहिलेले असते. पत्नीला या पट्ट्या मिळणार नाहीत हे उघड आहे. पण ते कागद हजर करण्याचा आदेश द्यावा, असा अर्ज तिचा वकील करू शकतो, आणि नुसते 'त्याला भरपूर शेती आहे' असे तोंडी सांगण्यापेक्षा एक सातबारा जास्त कामाला येतो.

सर्वांत नेहमीचा बचाव म्हणजे 'शेती वडिलांच्या नावावर आहे, माझ्या नावावर काहीच नाही.' तो बऱ्याचदा कागदावर खराही असतो. म्हणूनच नमुन्यात हिस्सा विचारला आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलाचा तीत जन्मतः हक्क असतो आणि सातबाऱ्यावर नाव चढले नाही म्हणून तो जात नाही. शिवाय जमीन कोणाच्याही नावावर असो, ती कसतो कोण आणि पट्टीचे पैसे उचलतो कोण, हेही न्यायालय पाहते. वाटणी करून घाईघाईने केलेली बक्षीसपत्रे तर तारखेवरूनच ओळखू येतात.

शेतीचे उत्पन्न मासिक कसे करायचे, हा पुढचा प्रश्न. हळद जूनमध्ये लागते, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, शिजवून, वाळवून, ढोलात पॉलिश करून उन्हाळ्यात बाजारात जाते. वर्षभराची कमाई एका-दोन सौद्यांत हातात येते आणि भाव दरवर्षी वेगळा. तीन वर्षे विचारण्यामागे हेच कारण आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. चार एकरांच्या शेतकऱ्याची तीन वर्षांची विक्री अनुक्रमे 3,60,000, 2,10,000 आणि 3,30,000 रुपये. सरासरी 3,00,000. बेणे, खत, फवारणी, मजुरी, काढणी आणि शिजवणी मिळून वर्षाचा खर्च 1,44,000 धरला तर उरतात 1,56,000, म्हणजे महिन्याला 13,000. दोन म्हशींच्या दुधातून चारा-पेंड वजा जाता 3,000 आणि सवडीने टेम्पो चालवून 5,000. एकूण मासिक उत्पन्न 21,000 रुपये. आता याच माणसाने फक्त मधल्या वाईट वर्षाची पट्टी दाखल केली, तर शेतीचे महिन्याला 5,500 च उरतात आणि एकूण 13,500. कायदा तोच, माणूस तोच. फरक दोन पट्ट्यांचा.

फाट्यावरच्या धंद्याला पट्टीसुद्धा नसते. चहाच्या हॉटेलाचा गल्ला, गाडीवाल्याचा भत्ता, खेपेमागचे पैसे, ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतलेली उचल, यांचा पुरावा जवळजवळ नसतोच. अशा वेळी न्यायालय अंदाज बांधते. गाडीचे आरसी बुक, टेम्पोच्या कर्जाचा हप्ता, मोबाइलवरून येणाऱ्या रकमा, घराचे बांधकाम, राहणीमान यांवरून किमान किती कमाई असेल ते ठरवले जाते. दरमहा 9,000 रुपयांचा हप्ता वेळेवर भरणाऱ्याचे उत्पन्न 8,000 आहे, हे कोणालाच पटत नाही. काहीच हाती लागले नाही तर त्या कामासाठी ठरलेले किमान वेतन हा तळ धरण्याची रीत आहे. 'सध्या बेकार आहे' हे कारण धडधाकट माणसाला सहसा वाचवत नाही. अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसणे हे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014, 2015 आणि पुन्हा 2022 च्या निकालांत सांगितले आहे.

उत्पन्न ठरले की वजावट. प्राप्तिकर, व्यवसायकर आणि सक्तीची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी वजा करून हाती येणारा पगार धरतात. स्वतःहून वाढवलेली बचत, विम्याचे हप्ते, हौसेने घेतलेल्या मोटारसायकलचे कर्ज सहसा वजा होत नाही. नाहीतर पोटगी टाळण्यासाठी कर्ज काढणे हा सोपा उपाय झाला असता. पीककर्जाची गोष्ट वेगळी. ते उत्पन्न मिळवण्यासाठीच घेतलेले असल्याने शेतीच्या खर्चात धरायला हवे, पण मग तोच खर्च पुन्हा 'देणी' या रकान्यात दाखवलेला नाही ना, हे समोरच्या वकिलाने पाहायचे असते.

दुसऱ्या बाजूला मुलाची गरज मोजावी लागते. अन्न, कपडे, निवारा, शिक्षण आणि औषधपाणी ही पाच खाती कायद्यानेच सांगितली आहेत. 2020 च्या निकालाने त्यांत शिकवणी आणि पूरक अभ्यासक्रमांचा खर्चही धरायला सांगितला, मात्र वाजवी मर्यादेत. इथे बहुतेक अर्ज कच्चे पडतात. 'मुलाचा खर्च दहा हजार' एवढे मोघम लिहिण्यापेक्षा शाळेच्या फीची पावती, व्हॅनचे भाडे, वह्या-पुस्तके, गणवेश, शिकवणी, दवाखान्याची चिठ्ठी, दूध-किराण्यातला मुलाचा वाटा असे ओळीने मांडले तर त्यातली एखादी ओळ कापली जाते, सगळा आकडा नव्हे. वर्षातून एकदाच येणारा खर्च बारांनी भागून मांडायचा. जूनचा शाळेचा खर्च 6,000 असेल तर तो महिन्याला 500 होतो. मुलाला दमा असेल किंवा अपंगत्व असेल तर ते वेगळे आणि ठळक लिहायचे.

मग हा खर्च दोघांत वाटायचा. आईलाही उत्पन्न असेल तर वाटणी उत्पन्नाच्या प्रमाणात होते. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दोघेही नोकरीत असलेल्या एका जोडप्याच्या बाबतीत प्रत्येक मुलाची गरज दरमहा 3,000 रुपये धरली, दोघांच्या पगाराचे प्रमाण साधारण 2:1 असल्याचे पाहिले आणि बापाने प्रत्येक मुलामागे 2,000 द्यावेत असे सांगितले. 2020 च्या निकालातही शिक्षणाचा खर्च सामान्यतः बापाने करावा, आई पुरेसे कमावत असेल तर दोघांनी प्रमाणात वाटून घ्यावा, असेच आहे. मूल बापाकडे असेल आणि आई कमावती असेल तर हेच गणित उलट दिशेने चालते. तसे अर्ज कमी दिसतात, एवढेच.

दुसरी एक रीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2004 च्या निकालातून आली. घरातले सगळे उत्पन्न एकत्र मांडायचे आणि माणसांवार वाटे करायचे. कमावणाऱ्याला कमावण्याचा वेगळा खर्च असतो म्हणून दोन वाटे, बाकी प्रत्येकाला एक. वरच्या उदाहरणातल्या शेतकऱ्याला पत्नी आणि दोन मुले आहेत आणि पत्नीला उत्पन्न नाही असे धरू. त्याचे दोन, पत्नीचा एक, मुलांचे दोन, असे पाच वाटे. 21,000 भागिले पाच, म्हणजे एक वाटा 4,200 आणि दोन मुलांचे मिळून 8,400 रुपये. त्याच्यावर म्हातारे आई-वडीलही खरोखर अवलंबून असतील तर वाटे सात होतात, एक वाटा 3,000 आणि मुलांचे 6,000. आणि उत्पन्न 21,000 ऐवजी वाईट वर्षाचे 13,500 च धरले गेले, तर सातातला एक वाटा 1,930 च्याही आत येतो.

आता पत्नी शिवणकाम करून 7,000 मिळवू लागली आहे आणि दोन मुलांची पावत्यांनिशी दाखवलेली गरज 9,600 आहे असे समजा. 21 ला 7, म्हणजे 3:1 प्रमाण. बापाचा वाटा 7,200, आईचा 2,400. वाट्यांच्या रीतीने 6,000 ते 8,400, प्रमाणाच्या रीतीने 7,200: न्यायाधीश असे दोन-तीन हिशोब मनाशी करून बहुधा त्यांच्या मधला एखादा गोल आकडा लिहितो. आई दिवसभर मुलाला सांभाळते, त्याचा अभ्यास घेते, आजारपणात रात्री जागते, त्याचे मोल तिच्या वाट्यात धरायचे की नाही, हेही त्याच्या विवेकावर राहते. ते धरले पाहिजे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. पण पावती नसलेला खर्च आदेशात अनेकदा उतरत नाही.

'पंचवीस टक्के' या आकड्याची दंतकथा इथेच मोडून काढायला हवी. पगाराचा चौथा हिस्सा पोटगीत जातो, हे पारावर आणि वकिलांच्या टेबलांभोवती नियम म्हणून सांगितले जाते. त्याचा उगम सर्वोच्च न्यायालयाच्या 1970 च्या आणि 2017 च्या निकालांत आहे. 2017 च्या प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराचा 25 टक्के भाग पत्नीला देणे वाजवी ठरेल असे म्हटले, आणि तरीही त्याचे दुसरे लग्न व नवे कुटुंब पाहून उच्च न्यायालयाची 23,000 ची रक्कम 20,000 वर आणली. म्हणजे तो आकडा पत्नीसाठी होता, मुलांसाठी नव्हता, आणि खुद्द त्या प्रकरणातही तो काटेकोर लावला गेला नाही.

रक्कम ठरली की ती कोणत्या तारखेपासून द्यायची, याला फार महत्त्व आहे. पूर्वी काही न्यायालये आदेशाच्या तारखेपासून देत, काही अर्जाच्या. 2020 पासून अर्जाच्या तारखेपासून हाच नियम आहे. नागपूरच्या प्रकरणात नुसत्या पहिल्या टप्प्याची मुलाची पोटगी 24 महिन्यांची, म्हणजे 1,20,000 रुपये होते. गावाकडच्या साध्या अर्जातही 3,000 च्या आदेशाला 20 महिने लागले तर पहिल्याच दिवशी 60,000 थकलेले असतात. नवऱ्याने मधल्या काळात शाळेची फी भरली असेल, खात्यावर पैसे टाकले असतील, तर ते वजा होतात. हातोहात दिलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही. म्हणून देणाऱ्यानेही ते खात्यावर किंवा मोबाइलवरूनच द्यावेत.

हा हक्क मुलाचा आहे, आईमार्फत मागितला गेला तरी. पत्नी कारणाशिवाय वेगळी राहते असे ठरून तिची स्वतःची पोटगी नाकारली गेली, तरी मुलाची तशीच राहते. गावात बैठक बसवून स्टँपपेपरवर फारकत लिहिली जाते आणि त्यात 'यापुढे स्वतःसाठी व मुलांसाठी काहीही मागणार नाही' असे वाक्य हमखास घातलेले असते. मुलांपुरते त्या वाक्याला कायद्यात काडीची किंमत नाही. जे आपले नाही ते आई सोडून देऊ शकत नाही. 'मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे देणार नाही' हा बचावही चालत नाही आणि 'पैसे देत नाही म्हणून भेटू देणार नाही' हेही नाही. भेटीसाठी वेगळा अर्ज असतो.

मुस्लिम आई-बापांच्या मुलांबाबत 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की 1986 च्या मुस्लिम महिला कायद्यातली दोन वर्षांची मुदत मुलांच्या या स्वतंत्र हक्काला आड येत नाही. लग्नाबाहेर झालेल्या मुलालाही तोच हक्क आहे. बापाने बापपणच नाकारले तर डीएनए चाचणीची मागणी होते, पण लग्न टिकून असताना झालेल्या मुलाच्या बाबतीत ती सरसकट मंजूर करू नये, असे 2023 च्या एका निकालात बजावले आहे.

कलम 144 खाली पोटगी साधारणपणे 18 वर्षांपर्यंत मिळते. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःला पोसू न शकणाऱ्याला त्यानंतरही. अविवाहित मुलीसाठी 1956 चा कायदा जास्त उदार आहे. सज्ञान झाल्यावरही, स्वतःचे उत्पन्न नसेल तर, ती लग्न होईपर्यंत निर्वाह मागू शकते आणि लग्नाचा वाजवी खर्चही त्यात धरला आहे. मात्र त्यासाठी त्या कायद्याखाली वेगळा दावा लावावा लागतो, असे 2020 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले.

एकदा ठरलेला आकडा कायमचा नसतो. मूल पहिलीतून आठवीत गेले, फी वाढली, बापाला नोकरी लागली, किंवा उलट बाप अपघाताने घरी बसला, तर कलम 146 खाली रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते. त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. हा फेरा चुकवायचा तर मूळ आदेशातच वाढीचे टप्पे मागून घेणे शहाणपणाचे. नागपूरच्या आदेशात तसे टप्पे होते, आणि 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने एका पत्नीच्या पोटगीत दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ घालून दिली.

आदेश हातात असूनही पैसे येत नाहीत, ही तक्रार सर्वांत जास्त. ठोस कारणाशिवाय पोटगी थकवली तर न्यायदंडाधिकारी दंडाच्या वसुलीसारखे वॉरंट काढतो आणि तरीही दिली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत तुरुंगवास देऊ शकतो. तुरुंगात राहून आले म्हणजे बाकी फिटली असा समज आहे. तो चुकीचा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितले. तुरुंग हा वसुलीसाठीचा दबाव आहे, रक्कम देणे राहतेच. नोकरदाराच्या बाबतीत कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मालकालाच थेट पगारातून कापून भरण्याचा आदेश देता येतो. शेतकऱ्याला मालक नसतो. तिथे जंगम मालमत्तेवर आणि बँक खात्यावर जप्ती आणावी लागते, आणि हळदीचा किंवा उसाचा पैसा खात्यात यायच्या सुमारास अर्ज केला तर वसुलीची शक्यता वाढते. वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. 'देईल आज ना उद्या' म्हणत दोन-दोन वर्षे वाट पाहणाऱ्यांची जुनी बाकी या मार्गाने वसूल होत नाही.